मंडळातल्या मंडळींना, हरणाच्या हंगामाआधी

आमच्या मंडळाच्या कार्यकारिणीस, आणि पेनसिल्व्हेनियातल्या इतर मराठी मंडळींनाही,

सप्रेम नमस्कार.

पुढच्या बैठकीची विषयपत्रिका मिळाली. विषय चौथा: सभासदांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर शिकारीचे फोटो टाकू नयेत आणि पॉटलकला, म्हणजे प्रत्येकाने घरून पदार्थ आणायच्या जेवणाला, शिकारीचं मांस आणू नये. नाव कुणाचं घातलेलं नाही, ही तुमची सभ्यता. पण आख्ख्या मंडळात शिकारी एकच आहे आणि तो कोण, हे नव्या सभासदांनाही ठाऊक आहे. विषय सातवा: घर आणि कुटुंबाची सुरक्षा, पिस्तूल खरेदीविषयी मार्गदर्शन, वक्ते एक स्थानिक बंदूक विक्रेते, चहापाण्याचा खर्च त्यांच्याकडूनच. दोन्ही विषय एकाच पानावर, मध्ये गणपतीच्या मखराचा हिशेब आणि ढोल-ताशाची रक्कम. मी ते पान बायकोला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही त्यांना. पण आधी दिवाळी होऊ दे."

दिवाळी झाली. लिहितोय.

फोटोचं तुमचं बरोबर आहे. बर्फावर रक्त होतं, ग्रुपवर लहान मुलं असतात, मी विचार करायला हवा होता. तो फोटो मी तेव्हाच काढून टाकला. पॉटलकचं मात्र मला मान्य नाही. पातेल्यावर चिठ्ठी होती, 'हरणाचं सुकं', मराठीत आणि इंग्रजीतही. ज्यांना नको होतं ते पुढे गेले. ज्यांनी घेतलं त्यांतल्या एकांनी वाटपात खोबरं किती भाजलं ते विचारून घेतलं, आणि ठरावाखाली त्यांचीही सही आहे. असो. खोबरं काळपट होईपर्यंत भाजायचं, आणि हरणाच्या मांसाला चरबी जवळपास नसते म्हणून तेल नेहमीपेक्षा जरा सैल हाताने घालायचं.

"निष्पाप जीव" हा शब्द ठरावात दोनदा आला आहे. कोंबडीचा मुद्दा मी काढत नाही, तो तुम्हालाही येतो. मला तुमच्या परसातलं बोलायचंय. गेल्या उन्हाळ्यात ग्रुपवर भेंडी, वालपापडी आणि होस्टाची रोपं हरणांनी बुडखापर्यंत खाल्ल्याचे फोटो कुणी टाकले? साबणाच्या वड्या टांगून झाल्या, अंड्याच्या पाण्याचे फवारे झाले. जंगलातही तेच चाललंय, फक्त तिथे कुणी फोटो टाकत नाही. उत्तरेकडच्या सरकारी जंगलात वन खात्याने उंच जाळीची कुंपणं घातली आहेत. कुंपणाच्या आत ओक-मेपलची कंबरभर रोपं, बाहेर फक्त नेचे. हरीण नेचा खात नाही, बाकीचं कोवळं सगळं खातं. लांडगा आणि पूमा या राज्यातून माणसाने केव्हाच संपवले. त्यांचं काम आता कोण करतं? एक मोटार, आणि दुसरा मी. हरणावर गाडी आदळण्यात हे राज्य देशात कायम वरच्या नंबरात असतं. तुमच्यातल्या किती जणांनी त्यापायी बंपर बदललाय ते तुम्हीच मोजा.

याची दुसरी बाजूही सांगतो, कारण ती शिकाऱ्यांना शोभा देणारी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी पेनसिल्व्हेनियात हरीण जवळजवळ उरलंच नव्हतं. बाजारात विकण्यासाठी बेबंद मारलं, जंगलही साफ तोडलं. 1895 मध्ये गेम कमिशन, म्हणजे राज्याचं शिकार आणि वन्यजीव खातं, स्थापन झालं. 1906 पासून मिशिगनसारख्या राज्यांतून हरणं विकत आणून सोडली. हंगाम ठरले, मांस विकायला बंदी आली, ती आजही आहे. रायफली, शॉटगन आणि काडतुसांवर 11 टक्के केंद्रीय कर आहे, आणि 1937 च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्यामुळे तो पैसा वन्यजीवांसाठी राज्यांकडे जातो. आज दर हंगामात इथे चार लाखांच्या आसपास हरणं मारली जातात आणि तरीही तुमची भेंडी उरत नाही.

आता माझ्याबद्दल थोडं, म्हणजे सातव्या विषयाकडे येता येईल.

मी रत्नागिरी जिल्ह्यातला. आजोबांकडे शेतीच्या राखणीसाठी परवान्याची ठासणीची बंदूक होती. भात पोटरीवर आलं की डोंगरातून डुकरं उतरायची आणि आजोबा रात्री माळ्यावर जाऊन बसायचे. नळीत आधी दारू, मग काथ्याचा बोळा, मग छर्रे, आणि सगळं गजाने ठासायचं. बहुतेक रात्री छर्रे नसायचेच. नुसता बार काढायचे, डुकरं पळायची, आम्ही पोरं घरात अंथरुणावर उठून बसायचो. निवडणूक लागली की ती बंदूक पोलीस ठाण्यात जमा करावी लागे. आचारसंहिता डुकरांना लागू नव्हती, ती त्या काळात निवांत चरायची. निकाल लागल्यावर आजोबा पुन्हा एसटीने तालुक्याला जायचे आणि धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बंदूक घेऊन यायचे. लांबलचक बोचकं मांडीवर, शेजारी बसलेल्याला कळायचं आत काय आहे, कुणी काही बोलायचं नाही.

तिथे बंदूक म्हणजे सरकारने दिलेली सवलत. कलेक्टर कचेरीने दिली तर आहे, काढून घेतली तर नाही. त्याची मुळं 1878 च्या इंग्रजी शस्त्र कायद्यात आहेत. 1857 नंतर हिंदी माणसाच्या हाती शस्त्र नको म्हणून परवाने, आणि गोऱ्यांना सूट. म्हणून इथला माझा जंगलातला शेजारी जेव्हा म्हणतो की सरकारला माझ्या बंदुकीची यादी कशाला हवी, तेव्हा मला हसू येत नाही. आमच्या बाबतीत ती यादी कुणी आणि कशासाठी केली होती ते मला माहीत आहे. बंदुकीच्या हक्काच्या बाजूचा मी आहे, हे आधीच सांगून टाकतो. पुढे वाचून काही जणांना मी उलट्या बाजूचा वाटेन.

मी 2004 मध्ये एच-वन-बीवर आलो. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला इथला केंद्रीय कायदा बंदूक बाळगू देत नाही. त्याला मोजके अपवाद आहेत आणि त्यांतला एक म्हणजे चालू शिकार परवाना. मी राज्याचा शिकार-प्रशिक्षण वर्ग केला, 21 डॉलरच्या आत परवाना काढला, मग दुकानात जाऊन बंदूक घेणाऱ्याने भरायचा 4473 क्रमांकाचा केंद्रीय फॉर्म भरला आणि परवाना काउंटरवर ठेवला. ग्रीन कार्ड खूप नंतर आलं. अमेरिकेने मला बंदूक दिली ती शिकारी म्हणून, हे मी विसरलेलो नाही.

तुमच्यातल्या काही तरुण मंडळींनी हीच पळवाट धरली आहे. शिकार कधी केली नाही, करायचीही नाही, परवाना फक्त पिस्तुलासाठी. कायद्यात बसतं. पण पेनसिल्व्हेनियाचा परवाना 30 जूनला संपतो. एच-वन-बीवरच्या माणसाने तो नवा केला नाही, तर 1 जुलैला घरात पडून असलेलं तेच पिस्तूल केंद्रीय गुन्हा होतं, आणि मग ग्रीन कार्डाच्या रांगेतला नंबर विसरा. सातव्या विषयाचे वक्ते हे सांगतील का? सांगितलं तर मी त्यांचा चहा आनंदाने पिईन.

आणि ज्याला तुम्ही हिंसा म्हणता ती जवळून कशी दिसते तेही एकदा वाचा.

पॉटर काउंटीत, न्यूयॉर्कच्या हद्दीजवळ, आम्हा चौघांची एक लाकडी खोली आहे. बाकीचे तिघे गोरे, एक निवृत्त शिक्षक, दोघे गिरणीत काम केलेले. बंदुकीचा हंगाम पूर्वी थँक्सगिव्हिंगनंतरच्या सोमवारी उघडायचा आणि खेड्यांतल्या शाळांना त्या दिवशी सुट्टी असायची. 2019 पासून तो शनिवारी उघडतो. शिक्षक महाशय अजून त्यावर नाराज आहेत. रविवारी शिकारीला दीडशे वर्षांच्या आसपास बंदी होती, ती 2025 मध्ये पूर्णपणे उठली. त्यावर तर ते बोलतच नाहीत.

सूर्योदयाच्या अर्धा तास आधीपर्यंत गोळी झाडता येत नाही. अंगावर डोकं, छाती आणि पाठ मिळून 250 चौरस इंच झगझगीत नारिंगी हवंच, सगळीकडून दिसेल असं. माणसांना तो रंग डोळ्यांत खुपतो, हरणाला तो तसा दिसत नाही. नारिंगीची सक्ती आणि प्रशिक्षण आल्यापासून शिकारीतले अपघात खूपच घटले. दोन वर्षांपूर्वी पहिल्याच सकाळी एक नर माझ्यासमोर सत्तर यार्डांवर येऊन उभा राहिला. श्वासाची वाफ दिसत होती. दुर्बिणीतून एका बाजूच्या शिंगाची टोकं मोजली: एक, दोन. 2002 पासून नियम आहे, नर तरुण असताना मरू नयेत म्हणून एका बाजूला निदान तीन टोकं हवीत. तिसरं कानाच्या केसांत आहे की नाहीच? मी मोजत राहिलो. हात गारठून बधिर झाले. सेफ्टीवरचं बोट हललं नाही. त्याने शेपटी उभारली, आतली पांढरी बाजू झळकली, आणि गेला. दुपारी खोलीवर मी हे सांगितलं तेव्हा शिक्षक म्हणाले, मोजता आलं नाही म्हणजे नव्हतं. चुलीवर कॉफी चढली होती, विषय संपला.

पाचव्या दिवशी मला मादी मिळाली, तिचं वेगळं परमिट होतं. पडलेल्या जनावराच्या कानाला आधी टॅग बांधायचा, मगच दुसरं काही. पोट फाडून आत दोन्ही हात घातले की त्या थंडीत एकच गोष्ट ऊबदार असते. त्या क्षणी मला दर वेळी थोडं वाईट वाटतं. वाटेनासं झालं की रायफल विकून टाकेन, असं बायकोला सांगून ठेवलंय.

आता हे सगळं तुमच्या सातव्या विषयाशेजारी ठेवून बघा. हरणासाठी मला वर्ग करावा लागला, परवाना, हंगाम, वेळ, रंग, शिंगांची टोकं, टॅग, आणि दहा दिवसांत कमिशनला कळवणं. या राज्यात हरणासाठी सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे एक गोळी झाडली की पुढची आपोआप भरणारी, रायफल आजही चालत नाही. बदकांवर शॉटगन रोखायची तर तीनच काडतुसं, हा देशभरचा नियम 1935 पासूनचा. अठरा वर्षांचा मुलगा मात्र इथे दुकानात जाऊन एआर-15 ही तसलीच सेमी-ऑटोमॅटिक रायफल विकत घेऊ शकतो, तीस गोळ्यांच्या मॅगझिनसकट. ती घेऊन तो हरणाच्या मागे गेला तर दंड होईल. पिट्सबर्गच्या ट्री ऑफ लाइफ सिनेगॉगमध्ये 27 ऑक्टोबर 2018 ला 11 माणसं मारली गेली, तेव्हाही त्या माणसाच्या हातात एआर-15 होती. आपल्या मंडळातली दोन कुटुंबं त्या भागात राहायची. त्या रात्री ग्रुपवर काय काय लिहिलं गेलं ते मला आठवतंय.

हक्क अमर्याद असतो असं ज्यांना वाटतं त्यांना मी या राज्याची 1776 ची पहिली घटना दाखवतो. तिच्यात लोकांना शिकारीची मोकळीक दिली आहे ती 'योग्य हंगामात'. हक्क लिहितानाच हंगाम लिहिला. शस्त्र बाळगण्याच्या हक्काची, अमेरिकेच्या घटनेतली दुसरी घटनादुरुस्ती 1791 ची, तिच्यात हरणाचं नावही नाही, हे खरं. 2008 मध्ये हेलर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने घरात स्वसंरक्षणासाठी पिस्तूल ठेवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. तो निकाल लिहिणारे न्यायमूर्ती स्कालिया स्वतः हौशी शिकारी होते, आणि हा हक्क अमर्याद नाही हे त्यांनीच त्यात लिहून ठेवलं आहे. माझ्या शिकारी मित्रांना निकालाचा पहिला भाग पाठ असतो, दुसऱ्या भागापाशी त्यांना बियर आठवते.

माझं मत मागाल तर, रायफल हातोहात विकतानाही घेणाऱ्याच्या पार्श्वभूमीची तपासणी व्हावी. आज पेनसिल्व्हेनियात पिस्तुलाच्या खाजगी विक्रीला ती लागते, रायफल किंवा शॉटगनच्या खाजगी विक्रीला लागत नाही. 2023 मध्ये ती लावणारं विधेयक राज्याच्या प्रतिनिधिगृहात मंजूर झालं आणि सेनेटमध्ये अडलं. मी माझ्या सेनेटरना शिकार परवान्याचा नंबर घालून पत्र लिहिलं. उत्तर आलं, छापील. तुमच्यापैकी कुणी लिहिलं होतं? बंदुका वाईट, हे ग्रुपवर दर गोळीबारानंतर येतं, हात जोडलेल्या इमोजीसकट. ते सेनेटरपर्यंत पोचत नाही.

पण मला खरी काळजी आहे ती कायद्याची नाही. 2020 च्या वसंतात दुकानांतलं पीठ संपलं होतं आणि बंदुकांच्या दुकानांबाहेर रांगा होत्या, तेव्हापासून मला फोन येतात. "काका, नाईन एमएम घेऊ की काय घेऊ?" आत्तापर्यंत वीसेक तरी आले असतील. शिकार क्रूर म्हणणाऱ्या घरांतूनही आले. भीती मी समजू शकतो. देवळात चोरी झाली, सोनं घालून लग्नाहून येणाऱ्यांवर पाळत ठेवली जाते, रात्री पार्किंगमध्ये कुणीतरी "तुमच्या देशात जा" म्हणतं. पण फोनवर कुणीही मला विचारलं नाही की ठेवायचं कुठे.

एका घरी पूजेला गेलो होतो. यजमानांनी मोठ्या अभिमानाने दाखवलं. देवघराच्या खालचं कपाट, समईच्या तेलाची बाटली, वातींचा डबा, आणि त्यामागे फडक्यात गुंडाळलेलं पिस्तूल, मॅगझिन लावलेलं. "इथे कोण बघणार?" घरात तेरा वर्षांचा मुलगा आहे, आणि उदबत्ती लावायचं काम त्याचंच. दुकानातून पिस्तुलाबरोबर मिळालेलं केबलचं कुलूप खोक्यातच होतं, प्लास्टिकसुद्धा फाडलेलं नव्हतं. पिस्तूल विकताना दुकानदाराने कुलूप द्यावं असा केंद्राचा कायदा आहे. ते घरी लावलंच पाहिजे असं मात्र या राज्याचा कायदा म्हणत नाही. मी तिथेच, प्रसाद खायच्या आधी, मॅगझिन काढलं, नळी रिकामी आहे का पाहिलं, तर होती एक गोळी. यजमान म्हणाले, "अरेच्चा."

2021 मध्ये या देशात बंदुकीने 48,830 माणसं मेली. त्यांतली निम्म्याहून जास्त आत्महत्या होत्या, 26,328. चोर, अतिरेकी, शाळेतला गोळीबार, या सगळ्यांची आपल्याला धास्ती असते, आणि त्याहून जास्त माणसं आपल्याच घरातल्या बंदुकीने स्वतःला संपवतात. औषधाच्या गोळ्या खाऊन जीव द्यायला निघालेली बहुतेक माणसं वाचतात. बंदुकीने प्रयत्न केलेल्यांतली दहातली जेमतेम एक वाचते. आपल्या मुलांवर ॲडमिशनचं काय दडपण असतं, नोकरी गेल्यावर एच-वन-बीवाल्याच्या हातात साठ दिवस असतात तेव्हा घरात रात्री काय वातावरण असतं, हे मी मंडळाला सांगायला नको. त्या रात्री घरात काय हाताला लागतं यावर बरंच काही ठरतं.

तेव्हा कार्यकारिणीला माझी विनंती अशी. चौथा विषय हवा तर मंजूर करा, हरणाचं सुकं मी घरी खाईन, ज्यांना हवं त्यांनी डबा घेऊन यावं. सातवा विषय रद्द करा असंही मी म्हणत नाही. पण विकणाऱ्याला मार्गदर्शक करू नका. त्यांच्याऐवजी राज्याच्या शिकार-प्रशिक्षण वर्गातल्या स्वयंसेवक शिक्षकाला बोलवू, ते पैसे घेत नाहीत. चहा माझ्याकडून. विषयाचं नाव 'खरेदी' काढून 'साठवण' ठेवा. आणि एच-वन-बीवरच्या मंडळींसाठी इमिग्रेशनचा एक वकील, अर्धा तास पुरे.

बैठकीची वाट न बघताही एक गोष्ट करता येईल. हंगाम उघडायच्या आधीच्या शनिवारी, सकाळी दहापासून मी माझ्या गॅरेजमध्ये आहे, रायफलची साफसफाई त्या दिवशी असतेच. ज्यांच्या घरी पिस्तूल आहे त्यांनी खोक्यातलं ते केबलचं कुलूप घेऊन यावं. पिस्तूल आणू नका. ते कुलूप कसं बसवायचं ते मी माझ्या रिकाम्या रायफलवर दाखवतो, गोळ्या वेगळ्या कपाटात, किल्ली वेगळ्या ठिकाणी. कुणी आलं होतं हे ग्रुपवर येणार नाही. देवघरवाले यजमान येणार आहेत, मुलाला घेऊन. मुलाला हरणाचं शिंग बघायचंय म्हणे.

आपला,
मंडळाचा एक जुना सभासद आणि एकुलता एक शिकारी